पाय धुई मंग घरमा ये

प्रिय चिऊ,

तुझ्या वहीतला प्रश्न वाचला. अमळनेरला आजी दारातूनच ओरडते, "पाय धुई मंग घरमा ये." माठात हात घालू देत नाही, पोळीऐवजी काळपट भाकरी वाढते, रात्री हळदीचं दूध समोर धरते. खाली तू लिहिलंयस, "याने खरंच इम्युनिटी वाढते, की ही आपली नुसती पद्धत?"

आधी तो 'वाढते' शब्द बाजूला ठेवू. रोगप्रतिकारशक्ती गरजेपेक्षा जास्त चेतली तर परागकणांनीसुद्धा शिंका सुरू होतात, कधी ती स्वतःच्याच सांध्यांवर उलटते. आपल्याला ती वेळेवर जागी होणारी आणि काम झालं की शांत बसणारी हवी. आजीच्या काही सवयी जंतूंना आत येण्याआधीच अडवतात, काही शरीराला लागणारा माल पुरवतात. एक-दोन यांतलं काहीच करत नाहीत, त्याही सांगते.

पायांपासून सुरुवात. शेतातल्या, परसातल्या ओल्या मातीत अंकुशकृमीच्या अळ्या असू शकतात. त्या तोंडातून नाही, तळपायाच्या कातडीतून शिरतात आणि शेवटी आतड्यात बसून रक्त पितात. मूल फिकं पडतं, दमतं. पाय धुतल्याने चिखल आणि शेण बाहेर राहतं, पण कातडीत शिरलेली अळी धुऊन निघत नाही. म्हणजे खरी राखण चपलेची. गावात नेमकं उलटं चालतं: शेतात अनवाणी आणि दारात पाय धुणं. तू शेतात चप्पल घाल, दारात काढ, मग पाय धू. भारतात १० फेब्रुवारी आणि १० ऑगस्टला शाळांत आणि अंगणवाड्यांत १ ते १९ वर्षांच्या मुलांना जंताची गोळी देतात, तीही अशाच कृमींसाठी.

हातांना साबण लावून २० सेकंद. बहुतेकांचे अंगठे, बोटांची टोकं आणि नखांखालची जागा कोरडीच राहते, आणि भाकरी वरणात कुस्करतो आपण नेमक्या त्याच बोटांनी. धुऊन झाल्यावर हात पुसायचेच. ओल्या हातावरून जंतू दुसरीकडे सहज जातात, आणि घरभर फिरणाऱ्या एका ओल्या नॅपकिनला पुसलेस तर धुतलेले जंतू परत येतात. आता तुझ्या दप्तरातल्या सॅनिटायझर जेलबद्दल. फ्लू, कोविडच्या विषाणूंवर चरबीचं आवरण असतं, ते साबणाने आणि अल्कोहोलने फाटतं. हिवाळ्यात इथे इंग्लंडच्या शाळांत उलट्या-जुलाबांची साथ आणणाऱ्या नोरोव्हायरसला तसं आवरणच नाही. त्याच्यापुढे जेल फार कमी पडतं, तिथे साबण-पाणीच लागतं.

माठात हात किंवा पेला बुडवायचा नाही, लांब दांड्याच्या ओगराळ्यानेच पाणी काढायचं, हा आजीचा नियम शंभर टक्के बरोबर. नळाचं पाणी चांगलं आलं तरी घरात साठवल्यावर ते बहुधा बिघडतं ते असं बुडवलेल्या हातानेच. ओगराळं मात्र टांगून ठेवायचं, जमिनीवर किंवा झाकणावर नाही. माठ दर दोन-तीन दिवसांनी रिकामा करून आतून नारळाच्या शेंडीने घासायचा. साबण लावू नये, तो मातीच्या छिद्रांत बसतो आणि पाण्याला वास येतो. गढूळ पाण्यात तुरटी फिरवली की गाळ खाली बसतो, पण जंतू मरतात असं नाही. पाणी निवळ दिसतं म्हणून लोक फसतात. निवळलेलं पाणी वेगळं ओतून त्याला खळखळ उकळी आली की आणखी एक मिनिट ठेवायचं, आणि त्याच भांड्यात झाकून गार करायचं.

तुला माहीत नसलेली गोष्ट कूलरची आहे. जळगाव-धुळ्याकडे मे महिन्यात पारा ४५ अंशांच्या आसपास जातो, त्यामुळे घरोघरी कूलर असतो. पावसाळा लागला की तो बंद होतो आणि टाकीत चार बोटं पाणी तसंच राहतं. डेंग्यूचा डास अशाच स्वच्छ, साठलेल्या पाण्याजवळ अंडी घालतो. अंड्यापासून उडणारा डास व्हायला आठ-दहा दिवस पुरतात, म्हणून आठवड्यातून एक कोरडा दिवस पाळायचा: टाकी, रांजण, फ्रिजमागचा ट्रे, कुंडीखालची ताटली, सगळं रिकामं. नुसतं ओतून भागत नाही. अंडी पाण्यात नसतात, पाण्याच्या रेषेलगत भांड्याच्या भिंतीला चिकटलेली असतात आणि कोरडी होऊनही कित्येक महिने टिकतात. परत पाणी पडलं की फुटतात. म्हणून कडा काथ्याने किंवा ब्रशने घासायच्याच, आणि कूलरमधलं जुनं गवत काढून टाकायचं. हा डास चावतो दिवसा, विशेषतः सकाळी आणि संध्याकाळी. रात्रीची मच्छरदाणी मलेरियाच्या डासासाठी. गच्चीवर झोपताना आजी ती लावते, ते बरोबरच आहे.

आता काळपट भाकरी. तिला कळण्याची भाकरी म्हणतात, खानदेशाचं हे रोजचं जेवण. कळणा म्हणजे ज्वारी आणि सालासकट काळे उडीद एकत्र दळलेलं पीठ. आजी ज्वारीत दादरच घेते, ही आपल्याकडची रब्बीची ज्वारी. माप साधारण चार वाट्या ज्वारीला एक वाटी उडीद आणि दळतानाच चमचाभर खडे मीठ. प्रतिपिंडं, म्हणजे जंतूंना धरणारी अँटीबॉडी, प्रथिनांचीच बनतात, आणि ज्वारीच्या प्रथिनात लायसिन नावाचा घटक कमी पडतो. तो उडदात भरपूर असतो. उडदात जे कमी, ते ज्वारी भरून काढते. शिवाय ज्वारीचा कोंडा आणि उडदाची सालं आपल्याला पचत नाहीत, ती मोठ्या आतड्यातल्या जिवाणूंच्या वाट्याला येतात. ते त्यांना आंबवून काही आम्लं तयार करतात, आतड्याचं अस्तर त्यांवर पोसतं. रोगप्रतिकाराच्या पेशींचा मोठा फौजफाटा त्या अस्तराशीच असतो. मैद्याच्या पावात या जिवाणूंसाठी फारसं काही उरलेलं नसतं.

इथे लीड्सला गिरणी नाही, म्हणून उडीद मिक्सरमध्ये कोरडे बारीक करून चाळायचे. एक वाटी उडदाच्या पिठाला चार वाट्या ज्वारीचं पीठ आणि एक चहाचा चमचा मीठ. भरड कण राहिले तर थापताना भाकरी तिथेच फाटते. दुकानातलं ज्वारीचं पीठ बहुधा जुनं असतं, त्याची विरी गेलेली असते, म्हणजे ते धरून राहत नाही. ज्वारीत गव्हासारखं ग्लुटेन नसतं, म्हणून चिकटपणा उकळत्या पाण्याने आणावा लागतो. दोन वाट्या पिठात वाटीभर उकळतं पाणी ओतून चमच्याने कालवायचं, पाच मिनिटं झाकून ठेवायचं, मग तळहाताच्या टाचेने निदान चार-पाच मिनिटं रगडायचं. पीठ कोरडं वाटलं तर पाण्याचा हात लावायचा. गोळा दाबल्यावर कडेला चिरा पडल्या तर अजून मळ. तव्यावर टाकली की वरच्या बाजूला लगेच पाणी फिरवायचं आणि ते पुरतं सुकायच्या आत उलटायची. उशीर झाला तर पापुद्रा कडक होतो आणि भाकरी फुगत नाही.

बरोबर भरीत, ठेचा, कच्चा कांदा आणि लिंबाची फोड. लिंबू भरीत ताटात आल्यावरच पिळायचं, कारण उष्णतेने क जीवनसत्त्व कमी होतं. ते शाबूत असेल तर ज्वारी-उडदातलं लोह शरीरात नीट शोषलं जातं. लोह कमी पडलं तर पांढऱ्या पेशींचं कामही मंदावतं. जेवणावर लगेच चहा घेतला तर उलटा परिणाम होतो, चहातली द्रव्यं लोहाला धरून ठेवतात. दोन्हींत तासभर तरी अंतर हवं. खानदेशातल्या माणसाला हे सांगून पाहा, तो ऐकेल असं वाटत नाही. आणि हो, शेवभाजीला या यादीत जागा नाही. ती चवीसाठी खायची, निमित्त शोधायचं नाही.

आजी सकाळच्या कोवळ्या उन्हात बसायला सांगते, तिथे मात्र तिचं चुकतं. ड जीवनसत्त्व बनवायला जे किरण लागतात ते सूर्य तिरपा असताना फारसे जमिनीपर्यंत पोचत नाहीत. खूण सोपी आहे: सावली तुझ्या उंचीपेक्षा लांब असेल तर ते ऊन या कामाचं नाही. अमळनेरला हिवाळ्यात दुपारी बारा-एकच्या सुमारास हात-पाय उघडे ठेवून दहा-पंधरा मिनिटं बसणं चांगलं. मे महिन्यात त्या वेळेला अंगणातही जायचं नाही. इथे ऑक्टोबर ते मार्चच्या सुरुवातीपर्यंत असं ऊन मिळतच नाही, म्हणून शरद आणि हिवाळ्यात रोज १० मायक्रोग्रॅमची गोळी. एक विसरलीस म्हणून दुसऱ्या दिवशी दोन घेऊ नकोस.

हळदीच्या दुधात दूध उपयोगी, कोमट पेय घशाला बरं, आणि हळद मसाला म्हणून छान. तिच्यातलं कुरकुमिन आतड्यातून फारच थोडं आत शिरतं. चिमूटभर मिरपुडीने ते वाढतं, पण त्याने सर्दी टळते असं दिसलेलं नाही. कपाला पाव चमचा पुरे. खोकल्यावर चमचाभर मध खरंच आराम देतो, तुझ्या वयाला चालतो. मामीच्या बाळाच्या जिभेवर मात्र कोणाला लावू द्यायचा नाही. एक वर्षाच्या आतल्या मुलाच्या आतड्यात मधातले बोट्युलिझमचे जिवाणू वाढू शकतात, आणि मग स्नायू लुळे पडतात. संध्याकाळच्या ऊद-धूपाने हवा शुद्ध होत नाही, उलट धुराने श्वासनळीतल्या जंतू बाहेर लोटणाऱ्या बारीक केसांचं काम बिघडतं. देवापुढे एक उदबत्ती पुरे, खिडकी उघडी ठेवून.

झोपेबद्दल आजी आणि मी एका बाजूला आहोत. तुझ्या वयाला रात्री ९ ते १२ तास लागतात. लस घेण्याच्या आसपास झोप अपुरी झाली तर प्रतिपिंडं कमी बनतात, असं काही अभ्यासांत दिसलं आहे. हे आत्ताच लिहितेय कारण तुमच्या शाळेत फ्लूची लस येतेय, नाकात फवारा असतो, टोचत नाही. फ्लूचा विषाणू बदलत राहतो, म्हणून गेल्या वर्षी घेतलेली यंदा धरता येत नाही. फॉर्मवर सही केली आहे, दप्तराच्या पुढच्या कप्प्यात आहे. आदल्या रात्री टॅब स्वयंपाकघरात.

आजीला रविवारी फोन करशील तेव्हा कूलरच्या टाकीच्या कडा कोणी घासल्या का ते विचार. आणि दुकानातून येताना उडीद आणायचे आहेत, सालासकट काळे. मागच्या वेळी तू पांढरी डाळ उचलली होतीस.

तुझी,
आई