संमतिपत्राचं नंतर बघू, आधी तो बाँड परत करा

सांगलीच्या एका निवृत्त शिक्षिकेचं पत्र आहे. वय 61, पेन्शन 38 हजार. शेजाऱ्याला हद्दीपासून जेमतेम फूटभर सोडून दुमजली घर बांधायचंय. 'हरकत नाही' असं 500 च्या स्टँप पेपरवर लिहून द्यायचे तो 3 लाख देतोय, किंबहुना चेकने देऊनही झालेत. ताई विचारतात, सही करू का? आणि शेवटी जाता जाता एक ओळ: "ते पैसे बँकेतल्या साहेबांनी चांगल्या गॅरंटीड योजनेत टाकून दिले, 15 वर्षांनी 51 लाख मिळणार आहेत."

ताई, 15 वर्षांत 3 लाखांचे 51 लाख गॅरंटीने कुठेही होत नाहीत. ही विमा पॉलिसी आहे. तुम्ही बाँडची, म्हणजे पॉलिसीच्या कागदांची, झेरॉक्स पाठवलीत, तिच्या तिसऱ्या पानावर छापलंय, 'प्रीमियम भरण्याची मुदत : 10 वर्षे'. खाली तुमची सुरेख, वळणदार सही. म्हणजे दरवर्षी 3 लाख, एकूण 30 लाख, आणि पैसे हातात येतील तेव्हा तुम्ही 76 वर्षांच्या असाल. परतावा पडतो साधारण 5 टक्के. वर्षाचे 3 लाख म्हणजे महिन्याला 25 हजार. 38 हजारांच्या पेन्शनमधून उरलेल्या 13 हजारांत औषधं, किराणा, लाइटबिल कसं भागवणार? दुसरा हप्ता चुकला की पहिल्यातलाही मोठा भाग जातो. निवृत्त बाईला हे 'एफडीसारखंच आहे' म्हणून विकणाऱ्या माणसाचा मला मनापासून राग येतो.

सुदैवाने बाँड हातात येऊन तुम्हाला 17 दिवसच झालेत. बाँड मिळाल्यापासून 30 दिवसांत पॉलिसी परत करता येते, त्याला फ्री लुक म्हणतात. स्टँप ड्युटी, वैद्यकीय तपासणी आणि तेवढ्या दिवसांच्या विमा संरक्षणाची किरकोळ रक्कम कापून बाकी पैसे परत मिळतात. म्हणून पत्र मिळालं त्याच दिवशी तुम्हाला फोन केला. अर्ज थेट विमा कंपनीच्या शाखेत द्या, दुसऱ्या प्रतीवर तारीख-शिक्क्यासह पोच घ्या. साहेब म्हणतील, "मॅडम, एक वर्ष थांबा." थांबू नका.

आता बांधकाम. पत्रातून मला असं दिसतं की सहीची घाई तुम्हाला झालीय ती पैसे खर्च होऊन बसले म्हणून. ते परत आले की नाही म्हणायला तुम्ही मोकळ्या.

सामासिक अंतर, म्हणजे हद्द आणि इमारत यांच्यामधली मोकळी जागा, किती सोडायचं हे बांधकाम नियमावली ठरवते, शेजाऱ्याच्या संमतीने ते माफ होत नाही. तुमची सही असली तरी बेकायदा बांधकाम बेकायदाच राहतं. तुमचं मात्र नुकसान होतं. दुसऱ्याच्या जागेवरच्या हक्कांसाठी 1882 चा सुविधाधिकार कायदा आहे. त्यानुसार तुमच्या परवानगीवर विसंबून कोणी पक्कं बांधकाम केलं, त्यावर खर्च केला, की ती परवानगी सहसा मागे घेता येत नाही. शिवाय त्याच्या खिडक्या तुमच्या मोकळ्या जागेकडे उघडणार. 20 वर्षं विनाअडथळा उजेड-वारा मिळाला की तो त्यावर हक्क सांगू शकतो, आणि तुमच्या मुलाला मजला चढवायचा असेल तेव्हा भांडण उभं राहतं. प्लॉट 1,500 चौरस फूट, तुमच्याच सांगण्याप्रमाणे भाव 2,500, म्हणजे साडेसदतीस लाख. हे सगळं पाहून गिऱ्हाइकाने दहा टक्के जरी पाडून मागितले तरी पावणेचार लाख गेले. मिळाले किती, तर तीन.

आणखी एक. मिळकत पत्रिकेवर (प्रॉपर्टी कार्डावर) अजून यजमानांचंच नाव आहे. जागा त्यांच्या स्वकमाईची असेल आणि मृत्युपत्र नसेल, तर तुम्ही, मुलगा आणि मुलगी असे तिघांचे सारखे हिस्से. एकट्या तुमच्या सहीने दोन्ही मुलं बांधली जात नाहीत. आधी वारस नोंद करा, मग भूमी अभिलेख कार्यालयात हद्द कायम मोजणीचा अर्ज द्या. हद्दीचे दगड कुठे आहेत हेच पक्कं नसताना त्या 'फूटभर'ला अर्थ नाही.

माझं मत सरळ आहे: सही करू नका, 3 लाख चेकने परत करा आणि पावती घ्या. चाळीस वर्षांचा शेजार आहे म्हणता, तर त्याला घरी बोलवून चहा देऊन सांगा की मंजूर नकाशाप्रमाणे बांध, आमची तक्रार नसेल. त्याचा नकाशा एकदा बघून घ्या. छज्जा आणि जिना त्याच्याच हद्दीत आहेत ना, आणि पत्र्यावरचं पावसाचं पाणी तुमच्या भिंतीच्या पायात उतरणार नाही ना, एवढं तपासा.