पाकीट परत आलं, वॉचमनने सही केली, तरी कोर्ट म्हणतं बजावणी झाली नाही

प्रश्न : मी कळव्यात राहते, शाळेतून निवृत्त झाले आहे. नात्यातल्या एका दिरांना धंद्यासाठी चार लाख रुपये हातउसने दिले होते. चिठ्ठी आहे, बँकेत नोंद आहे. पैसे परत मिळेनात म्हणून ठाण्याच्या दिवाणी कोर्टात दावा लावला. दीर आता खारघरला राहतात. कोर्टाच्या समन्सचं पोस्टाचं पाकीट ‘घर बंद’ असा शेरा मारून परत आलं. समन्स हातात द्यायला कोर्टाचे कर्मचारी, म्हणजे बेलिफ, गेले तेव्हा जाऊबाईंनी दार उघडलं, ‘ते गावी गेलेत’ म्हणाल्या, आणि समन्स तसंच परत आलं. मी दाव्याच्या कागदांचे फोटो दिरांना व्हॉट्सॲपवर पाठवले. निळ्या खुणा आल्या, वर ‘बघून घेईन’ असं उत्तरही आलं. भाच्याने एक संच सोसायटीच्या वॉचमनकडे देऊन त्याची सही घेतली. तरी समन्सची बजावणी झालेली नाही, म्हणजे ते दिरांना रीतसर पोचलेलं नाही, म्हणून तारीख पडली. आता भाचा म्हणतो, आपणच दारावर कागद चिकटवू आणि फोटो काढू. चालेल का? आणि एकतर्फा निकाल कधी मिळेल?

ताई, आधी भाच्याला थांबवा. दारावर समन्स डकवणं हे बेलिफाचं काम आहे. दिवाणी प्रक्रिया संहितेच्या, म्हणजे १९०८ च्या सीपीसीच्या, आदेश ५ नियम १७ मध्ये ते त्याच्याकडेच दिलेलं आहे. तुमच्या भाच्याने चिकटवलेला कागद आणि त्याचा फोटो यांना कोर्टात बजावणी म्हणून किंमत नाही. उलट उद्या दीर म्हणतील, माझी सोसायटीत बदनामी केली, आणि मूळ विषय राहील बाजूला.

भाच्याला हातभार लावायचाच असेल तर रीतसर वाट आहे. त्याच आदेश ५ च्या नियम ९-अ खाली अर्ज करून वादीला, म्हणजे दावा लावणाऱ्या तुम्हाला, समन्स स्वतः बजावण्यासाठी मागता येतं. आपल्याकडे त्याला हमदस्त म्हणतात. मात्र त्यातही कागद प्रतिवादीच्या, म्हणजे दिरांच्या, हातात देऊन त्याची सही घ्यायची असते. त्याने सही नाकारली किंवा तो भेटलाच नाही, तर समन्स घेऊन परत कोर्टाकडे यायचं आणि बेलिफामार्फत पुन्हा पाठवायची विनंती करायची. चिकटवायची मुभा तिथेही नाही.

आता बेलिफाच्या अहवालाकडे येते, कारण तुमचं प्रकरण खरं तिथेच अडलंय. तुम्ही सांगता त्यावरून समन्सच्या पाठीमागे असं काहीतरी लिहिलेलं असणार : ‘प्रतिवादी घरी मिळून आले नाहीत. पत्नीने सांगितले की गावी गेले आहेत. सबब समन्स परत.’ अशा अहवालाचं न्यायाधीशांनी करायचं काय? कधी गेले, किती वेळा गेले, घर कोणी दाखवलं, दीर परत कधी येणार हे विचारलं का, काहीच नाही. वकील मंडळी दाव्याच्या मसुद्यावर चार-चार दिवस घालवतात आणि या पाठीमागच्या चार ओळींकडे ढुंकून बघत नाहीत, हा माझा जुना राग आहे.

आणि गंमत बघा, जाऊबाईंनी दार उघडलं ही तुमच्या फायद्याची गोष्ट होती. नियम १५ सांगतो की प्रतिवादी घरी नसेल, वाजवी मुदतीत तो सापडण्याची शक्यता नसेल आणि त्याच्या वतीने समन्स घेणारा मुखत्यारही नसेल, तर त्याच्यासोबत राहणाऱ्या कुटुंबातल्या कोणत्याही सज्ञान व्यक्तीवर समन्स बजावता येतं. १९७६ च्या दुरुस्तीपर्यंत ती व्यक्ती पुरुषच असावी लागे. आता बायकोची सही चालते. बायकोने सही द्यायला नकार दिला, तर नियम १७ लागतो आणि बेलिफ तिथल्या तिथे दारावर डकवू शकतो. म्हणजे त्या दिवशी बेलिफाने ‘कधी येणार?’ एवढं विचारून उत्तर लिहून घेतलं असतं आणि कागद त्यांच्यापुढे धरला असता, तर आज तुम्हाला मला लिहावं लागलं नसतं.

पुढच्या वेळी अहवाल साधारण असा यायला हवा : ‘यापूर्वी अमुक दोन तारखांना गेलो असता प्रतिवादी मिळून आले नाहीत. आज सायंकाळी ७ वाजून १० मिनिटांनी वादींच्या भाच्याने दाखविल्यावरून सदर सदनिकेवर गेलो. दारावर प्रतिवादीच्या नावाची पाटी आहे. प्रतिवादी घरी नाहीत. त्यांच्यासोबत राहणाऱ्या पत्नी हजर होत्या. प्रतिवादी केव्हा परततील हे सांगता येत नाही असे त्यांनी सांगितले. त्यांना समन्स व दाव्याची प्रत देऊ केली, मजकूर समजावून सांगितला. त्यांनी घेण्यास व सही करण्यास नकार दिला. सबब शेजारील सदनिकाधारक यांचे समक्ष दोन्ही प्रती दाराच्या बाहेरील बाजूस डकविल्या.’ खाली घर दाखवणाऱ्याचं आणि साक्षीदाराचं नाव-पत्ता. कायद्यालाही हेच तपशील हवे आहेत. ‘दाव्याची प्रत’ हे शब्द राहू देऊ नका. नुसतं समन्स दिलं आणि दावा दिलाच नाही, ही नेहमीची हरकत आहे. शेजारी सही करत नसेल तर तसं लिहून घ्यावं. सोसायटीत कोणाला वाकडेपणा नको असतो, ते कोर्टालाही कळतं. असा अहवाल शपथेवर नसेल, तर कोर्टाला बेलिफाचा शपथेवर जबाब घ्यावा लागतो. मग समाधान झालं की समन्स रीतसर बजावल्याचं कोर्ट जाहीर करतं. हल्ली बेलिफाकडे एनस्टेप नावाचं ॲप असतं, त्यात दाराचा फोटो आणि जागेची नोंद होते. ती करायची नम्रपणे आठवण करून द्या.

एक व्यावहारिक अडचण तुम्हाला कोणी सांगितलेली दिसत नाही. खारघर नवी मुंबईत म्हणून ओळखलं जात असलं तरी ते पनवेल तालुक्यात, रायगड जिल्ह्यात येतं. त्यामुळे ठाण्याच्या कोर्टाचं समन्स पनवेलच्या कोर्टाकडे जातं, तिथला बेलिफ बजावतो आणि अहवाल ठाण्याला परत येतो. या ये-जा करण्यात तारखा निघून जातात. तुमच्या वकिलांच्या कारकुनाला पनवेलच्या कोर्टात बेलिफांचं काम बघणाऱ्या नाझर शाखेत जाऊन समन्स कोणत्या बेलिफाकडे आहे ते विचारायला सांगा, आणि घर दाखवायला भाच्याला बरोबर पाठवा. मंगळवारी दुपारी बाराला नोकरी-धंद्याचा माणूस घरी सापडायचा नाहीच. सकाळी लवकर किंवा संध्याकाळी जावं, अशी विनंती अर्जातच करा.

पोस्टाच्या शेऱ्यांचंही तसंच. ‘घेण्यास नकार’ असा शेरा आला तर नियम ९ खाली कोर्ट बजावणी झाल्याचं जाहीर करतं. सूचना देऊनही पाकीट सोडवलं नाही, असा शेरा असेल तर १८९७ च्या जनरल क्लॉजेस ॲक्टचं कलम २७ मदतीला येतं : बरोबर पत्त्यावर, पैसे भरून रजिस्टर्ड पोस्टाने पाठवलेलं टपाल पोचलं असं गृहीत धरता येतं. पण नुसत्या ‘घर बंद’ला फारसं वजन नाही, आणि ‘पत्ता सोडून गेले’ हा शेरा तर तुमच्याच विरुद्ध जातो. रजिस्टर्ड पोस्ट २०२५ मध्ये स्पीड पोस्टात विलीन झालं असलं तरी काळजी नको, नियम ९ मध्ये स्पीड पोस्ट आधीपासून आहे. पाठवल्याची पावती जपा आणि ट्रॅकिंगचं पान लगेच छापून ठेवा, काही काळाने ते दिसेनासं होतं.

वॉचमनची सही सोडून द्या. घरचा नोकरसुद्धा कुटुंबातला धरू नये असं नियम १५ च्या स्पष्टीकरणात आहे. वॉचमन तर सोसायटीचा माणूस.

व्हॉट्सॲपचं मात्र उपयोगी पडेल. कोर्टाचा आदेश नसताना तुम्ही पाठवलेले फोटो म्हणजे समन्सची बजावणी नव्हे. पण मुंबई उच्च न्यायालयात २०१८ मध्ये न्यायमूर्ती गौतम पटेल यांनी एका वसुलीच्या प्रकरणात, नोटिशीची पीडीएफ नुसती पोचलीच नाही तर उघडली गेली हे खुणांवरून दिसतं म्हणून ती बजावणी मानली होती. ईमेलने बजावणीसाठी तर उच्च न्यायालयाने २०१७ मध्ये नियमच केले. तेव्हा दिरांचा नंबर आणि ईमेल चालू आहे हे शपथपत्रावर सांगून, नेहमीच्या बजावणीच्या जोडीला या मार्गांनी पाठवण्याची परवानगी मागा. त्यांचं ‘बघून घेईन’ हे उत्तर पुसू नका, तो फोन विकू नका. पुराव्यात दाखल करताना भारतीय साक्ष्य अधिनियम, २०२३ च्या कलम ६३ चं, इलेक्ट्रॉनिक पुराव्यासाठीचं, प्रमाणपत्र लागेल.

बजावणीला मी एवढं महत्त्व का देते, ते तुमच्या शेवटच्या प्रश्नात आहे. कच्च्या बजावणीवर मिळालेला एकतर्फा हुकूमनामा, म्हणजे प्रतिवादी हजर नसताना झालेला निकाल, हातात पडतो तेव्हा गोड वाटतो. मग तुम्ही दरखास्त, म्हणजे तो अमलात आणायचा अर्ज, लावता, जप्तीची वेळ येते, आणि दीर आदेश ९ नियम १३ चा अर्ज घेऊन उभे राहतात : मला समन्स मिळालंच नव्हतं. मुदत कायद्याच्या अनुच्छेद १२३ प्रमाणे अशा अर्जाला ३० दिवस असतात. रीतसर बजावणी झाली नसेल तर ते ३० दिवस हुकूमनाम्याच्या तारखेपासून मोजत नाहीत, तो कळला त्या दिवसापासून मोजतात. म्हणजे तीन वर्षांनीही दावा पुन्हा पहिल्या पायरीवर. वर्तमानपत्रातली जाहीर नोटीस पैसे घेऊन जाते, पण अनुच्छेद १२३ पुरती तीसुद्धा रीतसर बजावणी धरली जात नाही. म्हणून प्रतिवादी टाळतोय याची कोर्टाला खात्री पटवून देणारे दोन-तीन चांगले अहवाल हातात आल्याशिवाय आदेश ५ नियम २० च्या त्या जाहीर नोटिशीच्या वाटेला जाऊ नका.

आदेश ९ च्या त्याच नियम १३ मध्ये तुमची ढालही आहे. प्रतिवादीला सुनावणीची तारीख माहीत होती आणि हजर राहायला पुरेसा वेळ होता असं दिसलं, तर बजावणीतल्या नुसत्या अनियमिततेमुळे हुकूमनामा रद्द करता येत नाही. पण शब्द बघा : सुनावणीची तारीख. तुम्ही पाठवलेत दाव्याच्या पानांचे फोटो. तेव्हा आता दिरांना एक साधा मेसेज करा : दाव्याचा क्रमांक, कोर्टाचं नाव, न्यायाधीशांची खोली आणि पुढची तारीख. नात्याचं, पैशाचं, रागाचं त्यात काही लिहू नका.

आणि हे आजच बघा. समन्स न बजावता परत आल्याची नोंद कोर्टात झाली की वादीने सात दिवसांत नवीन समन्स मागायचं असतं, नाहीतर आदेश ९ नियम ५ प्रमाणे दावा काढून टाकला जाऊ शकतो. वकिलांना फोन करून विचारा, अर्ज दिला का, बजावणीचा भत्ता भरला का, आणि समन्ससोबत जोडायच्या दाव्याच्या प्रती दाखल केल्या का. अर्ज राहून गेला असेल, तर दीर बजावणी टाळत आहेत हे कारण शपथपत्रावर देऊन लगेच कोर्टापुढे जा. सोबत जाऊबाईंचं म्हणणं असलेला तो जुना अहवाल जोडा.