लाइन गेली तरी वही उघडावी: हेजडॉकची प्रश्नोत्तरे

या वेळचे सगळे प्रश्न हेजडॉकचे. एकाच पानावर अनेकांनी एकाच वेळी लिहायची ही वही डॉकरच्या (ॲप वेगवेगळ्या बंदिस्त डब्यांत चालवणारी प्रणाली) दोन कंटेनरांत, म्हणजे डब्यांत, चालते: एकात ॲप, दुसऱ्यात पोस्टग्रेस हा डेटाबेस. कोणता कंटेनर कसा चालवायचा ते कंपोज फाइलमध्ये लिहिलेलं असतं. सेटिंगांची आणि कमांडांची नावं इथे देवनागरीत दिली आहेत. फाइलमध्ये ती रोमनमध्येच टाका, 'सीएमडी_'नं सुरू होणारी सगळी मोठ्या अक्षरांत.

खरेदीच्या नोंदी आम्ही तिघं एकाच पानावर करतो. दिवसातून दोनदा तरी लाइन जाते. परत आली की कधी वही उघडत नाही, उघडली तर सगळ्यांना पुन्हा लॉगिन मागते. (शेतकरी उत्पादक कंपनी, दारव्हा)

हे दोन वेगळे दोष आहेत. लॉगिनचं कारण साधं: 'सीएमडी_सेशन_सिक्रेट' भरलेलं नसेल तर ॲप दर वेळी सुरू होताना नवं गुपित बनवतं आणि जुनी सगळी लॉगिनं बाद होतात. 'ओपनएसएसएल रँड -हेक्स 32' चालवा, आलेली ओळ एन्व्ह फाइलमध्ये (ॲपच्या सेटिंगांची फाइल) त्या नावापुढे टाका आणि पुन्हा बदलू नका.

वही न उघडण्यामागे बहुधा रीस्टार्टचा नियम नसतो. दोन्ही कंटेनरांना 'रीस्टार्ट: अनलेस-स्टॉप्ड' द्या आणि 'सिस्टमसीटीएल एनेबल डॉकर' एकदा चालवा. ॲपआधी डेटाबेस उठावा म्हणून 'डिपेंड्स_ऑन' लिहिलंय, एवढ्यावर निर्धास्त राहू नका. तो क्रम कंपोजची कमांड दिली तेव्हाच पाळला जातो. मशीन बंद पडून उठल्यावर डॉकर कंटेनर स्वतः उठवतो, तेव्हा आधी कोण हे तो बघत नाही. ॲप आधी उठून पडलं, तरी रीस्टार्टचा नियम त्याला डेटाबेस तयार होईपर्यंत पुन्हापुन्हा उठवतो.

खरी काळजी डिस्कची. दुकानदार आधी रोजमेळात टिपतो आणि मग खतावणीत उतरवतो, तसा पोस्टग्रेस प्रत्येक बदल आधी आपल्या नोंदवहीत लिहितो. म्हणून अचानक लाइन गेली तरी तो बहुतेकदा सावरतो. पण डिस्कनं 'लिहिलं' म्हटलं म्हणजे खरंच लिहिलेलं असावं लागतं, आणि स्वस्त मेमरी कार्डं इथेच दगा देतात. आमच्या मते मेमरी कार्डावर चालणाऱ्या रास्पबेरी पाय या छोट्या संगणकापेक्षा एसएसडी टाकलेला जुना लॅपटॉप बरा. त्याची बॅटरी हाच यूपीएस. झाकण लावल्यावर तो झोपू नये म्हणून 'लॉगइनडी.कॉन्फ'मध्ये 'हँडललिडस्विच=इग्नोर' (HandleLidSwitch=ignore) करा. मात्र मे महिन्यात टिनाच्या छताखाली ठेवू नका, आणि बॅटरी फुगलेली दिसली तर लगेच काढा.

शाळेच्या वायफायवर परवापर्यंत चालत होतं. आता पान उघडतं, पण नुसती अक्षरं दिसतात, बटणं चालत नाहीत. (शिक्षक, धानोरा)

राउटरनं सर्व्हरला नवा आयपी दिलेला दिसतो. 'सीएमडी_डोमेन'मध्ये जुनाच पत्ता आहे आणि पानाची सजावट व बटणं ॲप त्याच पत्त्यावरून मागवतं. राउटरमध्ये सर्व्हरच्या मॅक पत्त्याला (यंत्राच्या नेटवर्क कार्डाचा स्वतःचा क्रमांक) एक आयपी कायमचा राखून ठेवा आणि तोच डोमेनमध्ये लिहा. पुढे एचटीटीपी नाही, मागे तिरपी रेघ नाही. पोर्ट 3000 थेट वापरत असाल तर 'सीएमडी_यूआरएल_ॲडपोर्ट' ट्रू, आणि एचटीटीपीएस नसेल तर 'सीएमडी_प्रोटोकॉल_यूजएसएसएल' फॉल्स. मग 'डॉकर कंपोज अप -डी'. नुसत्या रीस्टार्टनं बदललेली सेटिंगं वाचलीच जात नाहीत. निम्मा घोळ इथेच होतो.

सिमवर चालणारा राउटर आहे. पोर्ट फॉरवर्ड केला, तरी तालुक्याहून वही उघडत नाही. (वाचनालय, आर्वी)

राउटरच्या पानावर वॅन आयपी (सिमच्या कंपनीनं राउटरला दिलेला पत्ता) बघा. तो 100.64 ते 100.127 यांपैकी कशानं सुरू होत असेल, तर तो सार्वजनिक पत्ता नाही. कंपनी एकाच पत्त्यामागे अनेक गिऱ्हाईकं बसवते. तिथे फॉरवर्डिंगचा उपयोग नाही. मोजकीच माणसं असतील तर सर्व्हरवर आणि सगळ्यांच्या यंत्रांवर टेलस्केल (यंत्रांना आपसात जोडणारं खासगी नेटवर्क) टाका. आणि पोस्टग्रेसचा 5432 पोर्ट कंपोज फाइलमध्ये उघडा ठेवलेला असेल तर ती ओळ काढा: डॉकरनं उघडलेला पोर्ट यूएफडब्ल्यू (लिनक्सची फायरवॉल) अडवत नाही.

इमेज (कंटेनर ज्यावरून बनतो ती फाइल) उतरवायला पुरेसं नेट नाही. (धारणी)

जिथे नेट आहे तिथे 'डॉकर सेव्ह', पेनड्राइव्ह, आणि गावात 'डॉकर लोड'. दोन्हीकडचा प्रोसेसर एकाच जातीचा हवा, नाहीतर 'एक्झेक फॉरमॅट एरर' येते.

कंपोज फाइलमध्ये पोस्टग्रेस 15 चं 17 केलं. डेटाबेस सुरूच होत नाही. नोंदी गेल्या का? (वणी)

नाही. 17 ला 15 च्या फाइली वाचता येत नाहीत, म्हणून तो हात न लावता थांबतो. आकडा परत 15 करा आणि चालू करा. मग ॲपचा कंटेनर थांबवून 'डॉकर कंपोज एक्झेक -टी डेटाबेस पीजी_डंप -यू हेजडॉक हेजडॉक' चालवा आणि निघालेलं सगळं एका फाइलीत वळवा (इथले टी आणि यू मोठे, -T व -U; डेटाबेसच्या सर्व्हिसचं व वापरकर्त्याचं नाव तुमच्याकडे जे असेल ते). 17 ला नवं, रिकामं व्हॉल्यूम (डेटाबेसच्या फाइली राहतात ती जागा) देऊन ती फाइल 'पीएसक्यूएल'नं त्यात भरा. जुनं व्हॉल्यूम महिनाभर राहू द्या. 'डॉकर कंपोज डाउन -व्ही' मात्र करू नका. त्या 'व्ही'नं व्हॉल्यूमच पुसलं जातं.

चढवलेले फोटो या डंपमध्ये, म्हणजे 'पीजी_डंप'नं काढलेल्या फाइलीत, येत नाहीत. ते ॲपच्या 'अपलोड्स' फोल्डरात असतात. त्याची वेगळी प्रत घ्या.