आरएनएवाल्या औषधाने माणसाचा डीएनए बदलतो का? वडिलांना आनुवंशिक एटीटीआर न्यूरोपॅथी निघाली आहे, आम्ही मुलांनी काय करावं?

नाही बदलत. हाच वाद आमच्या घरी अजून चालू आहे म्हणून लिहितोय, नाहीतर एवढं टाइप करत बसलो नसतो.

माझ्या बाबांना हाच, नसा खराब करणारा आणि घराण्यातून येणारा आजार. आधी दोन्ही हातांचं कार्पल टनेल (मनगटात नस दबते ते), त्याचं ऑपरेशन, मग तळपायाला मुंग्या, आणि शुगर बॉर्डरवर असल्यामुळे ज्याला दाखवावं तो म्हणे शुगरची न्यूरोपॅथी, बी-१२ घ्या. चालता चालता चप्पल पायातून निघून जायची अन् हे तसेच पुढे. एकदा मे महिन्यात भर दुपारी आई गच्चीवर पापड उलटवत होती, बाबा अनवाणी वर गेले, आरामात उभं राहून बोलले, खाली आले तर फरशीवर ओले ठसे, तळव्याचे फोड फुटलेले, आणि माणूस चहा मागतोय. नागपूरची मे मधली गच्ची ज्याला माहीत आहे त्याला पुढचं सांगायला नको. त्यानंतर कुठं जीन टेस्ट झाली.

आता औषध. लिव्हर ट्रान्सथायरेटिन नावाचं प्रोटीन बनवतं, या आजारात ते बिघडलेलं निघतं आणि नसांत, हृदयात साचत जातं. सावजीत काउंटरवरून आत ऑर्डरची चिठ्ठी जाते ना, तशी डीएनएवरून आरएनएची जाते. औषध ती चिठ्ठी फाडतं, मेनूकार्डाला हात लावत नाही. म्हणून तर डोस चालूच ठेवावे लागतात: पॅटिसिरॅन (२०१८ ला अमेरिकेत मंजूर, या प्रकारातलं पहिलंच) दर ३ आठवड्यांनी सलाईनमधून, नंतरचं व्युट्रिसिरॅन ३ महिन्यांतून एकदा कातडीखाली. डीएनए बदलत असता तर एकदा देऊन मोकळे झाले असते. पण आमचा दादा, 'काऊन बे, कोरोनाच्या लशीसारखंच ना हे?' अरे, तू घेतलेली कोविशील्ड आरएनएची नव्हतीच!

खरं दुखणं वेगळंच आहे. बधिर झालेले तळवे बहुतेक बधिरच राहतात, औषध मुख्यतः पुढचं नुकसान रोखतं, म्हणजे जितकं लवकर तितकं बरं. प्रत्येक मुलात हा बिघडलेला जीन येण्याची शक्यता ५० टक्के, आणि दादाचेही हात रात्री बधिर होतात, तरी टेस्ट करत नाही, का तर मुलींच्या सोयरिकी जमायच्या आहेत. मला हा शुद्ध मूर्खपणा वाटतो, टेस्ट टाळली म्हणून जीन निघून जातो का? तुमच्या घरी असा कोणी असेल तर त्याला हाताला धरून न्यूरोलॉजिस्टकडे न्या.

हां, जीन असला म्हणजे आजार होतोच असं नाही, त्यामुळे टेस्टच्या आधी जेनेटिक काउन्सेलरशी बोला. औषधाची किंमत ऐकून घाम फुटतो, दुर्मिळ आजारांच्या केंद्राच्या धोरणात ५० लाखांपर्यंत मदत आहे पण यादीतल्याच आजारांना, तेव्हा आपला त्यात बसतो का ते आधी विचारा. आणि या औषधाने रक्तातलं व्हिटॅमिन ए कमी होतं, डॉक्टर गोळी देतात, ती सांगितली तेवढीच घ्यायची, रात्री कमी दिसायला लागलं तर लगेच डोळ्यांच्या डॉक्टरला दाखवायचं.