उन्हाळ्याच्या सुट्टीत मुलांना पुण्यातच कुठे न्यावं, घरी काय करून घ्यावं?

तुम्ही लिहिलंय की मुलं 6 आणि 10 वर्षांची आहेत, तुम्ही दोघंही नोकरीवर, घरी आजी आहेत, यंदा गावी जाणं नाही आणि वॉटरपार्कवर पैसे घालायचे नाहीत. मग ठिकाणं नंतर ठरवा, आधी घड्याळ ठरवा. मे महिन्यात पुण्यात फिरायला दोनच वेळा खऱ्या: सकाळी साडेआठपर्यंत आणि संध्याकाळी साडेपाचनंतर. मधला वेळ घरातला, नाहीतर दगडी किंवा वातानुकूलित छताखालचा. मुलांना घेऊन अकरा वाजता बाहेर पडणारी माणसं बारा वाजता रसवंतीपाशी एकमेकांवर चिडलेली दिसतात, त्याचं कारण एवढंच.

सकाळसाठी वेताळ टेकडी. सूर्य सहाच्या आसपास उगवतो, तेव्हा सहाला पायथ्याशी असाल तर साडेआठला खाली येता येतं. लहान मूल बरोबर असेल तर एआरएआय या वाहन-संशोधन संस्थेच्या बाजूने जा. बरीचशी उंची रस्त्यानेच चढून होते आणि पुढे वेताळबाबाच्या देवळापर्यंत आणि खाणीपर्यंत वाट सौम्य आहे. पायात घट्ट बसणारे बूट हवेत. चढताना काही होत नाही, पण उतरताना मुरमावरून पाय सटकतो आणि चप्पल घातलेली मुलं तिथेच गुडघे फोडून घेतात. पाणी माणशी पाऊण लिटर आणि ज्याचं त्याच्या पाठीवर. सगळ्यांचं पाणी एकाच पिशवीत ठेवलं की ती शेवटी बाबांच्याच गळ्यात पडते.

‘चला, फिरायला’ म्हणून नेलं तर 6 वर्षांचं मूल अर्ध्या तासात कंटाळतं. काम द्या. मोराचा आवाज कुठल्या दिशेने आला ते सांग, शेपटीला दोन टोकं असलेला काळा कोतवाल शोध, पिवळ्या झुंबरांचा बहावा कुणाला आधी दिसतो बघू. सगळ्यांत जास्त वेळ मुलं रमतात ती कोरड्या, भुसभुशीत मातीत. आडोशाला नरसाळ्यासारखे बोटाच्या पेराएवढे खड्डे दिसतील. त्यांच्या तळाशी मुंगीसिंहाची अळी दबा धरून असते. उतारावर वाळूचे चार कण सोडले की ती खालून माती उडवते, कारण तिला मुंगी पडल्यासारखं वाटतं. गवताची काडी हलकेच वापरा. बोट घातलं की खड्डा मोडतो आणि अळी गप्प बसते.

मेच्या दुसऱ्या पंधरवड्यात मात्र संध्याकाळी टेकडीवर जाताना आभाळ बघा. वळवाचे ढग दुपारी तीन-चारनंतर भराभर चढतात. गडगडाट ऐकू आला की खाली उतरायचं, एकट्या उंच झाडाखाली थांबायचं नाही.

सिंहगड यात बसवता येतो, पण रविवारी नको. रविवारी घाटरस्त्यावर जेवढा वेळ अडकाल तेवढ्यात पायथ्याच्या आतकरवाडीतून पायी वर पोचता येतं. मधल्या वारी पहाटे निघा. वर पिठलं-भाकरी, मडक्यातलं दही आणि टोपलीतली करवंदं मिळतात. 10 वर्षांचं मूल चढून जाईल, 6 वर्षांच्या मुलाचा मात्र शेवटच्या टप्प्यात कस लागतो, त्याला गाडीनेच न्या. वाटेतल्या खडकवासला धरणाच्या पाण्यात मुलांना घोट्याएवढंही उतरवू नका. काठ सपाट दिसतो पण तळाला गाळ असतो आणि खोली अचानक वाढते.

दुपारच्या वेळेला माझी पहिली पसंती राजा दिनकर केळकर संग्रहालय. मेट्रोने मंडई स्थानकावर उतरून चालत जाता येतं. गाडी बदलायला जिल्हा न्यायालय स्थानकात उतरावं लागलं तर घाई करू नका. जमिनीखाली सुमारे 33 मीटर खोल असलेल्या त्या स्थानकात छतातून थेट ऊन झिरपतं आणि मुलांना सरकते जिने हीच सहल वाटते. संग्रहालयात मात्र सगळं बघायचा हट्ट सोडा. दिनकर केळकरांनी अकाली गेलेल्या मुलाच्या, राजाच्या नावाने उभं केलेलं हे संग्रहालय अडकित्ते, दिवे, पाय घासायच्या वज्र्या, शाईच्या दौती अशा घरगुती वस्तूंचं आहे, म्हणून ते मुलांना कळतं. घरूनच एका कागदावर सहा गोष्टी लिहून द्या: पक्ष्याच्या आकाराचा अडकित्ता, सगळ्यांत मोठं कुलूप, प्राणी असलेला दिवा, अशा. सापडलं की पेन्सिलने चित्र काढायचं. दीड तास पुरे. मस्तानी महालाचे अवशेष कोथरूडहून आणून इथे उभे केलेत, तो शेवटी दाखवा.

पाताळेश्वर फुकट आहे, जंगली महाराज रस्त्यावर आहे आणि भर दुपारी आत शिरलं की गारवा लगेच जाणवतो, कारण आठव्या शतकाच्या सुमाराची ती अख्खी गुहा एकाच काळ्या कातळात खोदलेली आहे. काम अर्धवट सोडलेलं कुठे दिसतं ते मुलांना शोधू द्या. बाहेरच्या अंगणात मात्र अनवाणी चालवू नका, दगड तापलेला असतो. कात्रजचं प्राणीसंग्रहालय बुधवारी बंद असतं. जायचं तर सकाळी उघडतानाच. दुपारी वाघ सावलीत झोपतो आणि तुम्ही उन्हात त्याची पाठ बघता. महापालिकेच्या बऱ्याच बागा दुपारी बंद असतात, तेव्हा त्या संध्याकाळसाठी ठेवा.

आता घरच्या गोष्टी. सुट्टीतला एक दिवस पुण्यात ठरलेलाच आहे: शून्य सावलीचा, 13 किंवा 14 मे, दुपारी 12 वाजून 31 मिनिटांनी. त्या वेळी सूर्य बरोबर डोक्यावर येतो. नुसती एका दिवसाची गंमत केली तर पाच मिनिटांत संपते, म्हणून 1 मेपासून महिनाभर चालवा. आजींच्या देखरेखीखाली 10 वर्षांचं मूल एकटं करू शकतं. प्लास्टिकच्या नळाचा 30 सेंटिमीटरचा सरळ कापलेला तुकडा घ्या, गच्चीवर पाटावर पांढरा कागद चिकटवा आणि नळी त्यावर उभी करा. पाट सपाट आहे का ते काठोकाठ भरलेल्या ताटलीतल्या पाण्याने तपासा. नळी सरळ आहे का ते दोऱ्याला नट बांधून केलेल्या ओळंब्याने, दोन बाजूंनी. इथेच बहुतेकांचं चुकतं. सूर्याची मध्यान्हीची जागा दिवसाला जेमतेम पाव अंशाने सरकते, तेव्हा नळी एका अंशाने कलली तर उत्तर चार दिवसांनी चुकतं.

रोज 12.31 ला सावलीच्या टोकावर पेन्सिलने ठिपका आणि तारीख. 1 मे रोजी सावली उत्तरेला जवळजवळ 2 सेंटिमीटर दिसेल. ती दिवसाला मिलिमीटरभर आखडत जाते, 13-14 ला नळीच्या बुडाशी विरते आणि मग दक्षिणेला निघते. महिनाअखेर दक्षिणेला पुन्हा पावणेदोन सेंटिमीटरच्या आसपास. सावलीची कड पुसट दिसली तर प्रयोग बिघडला असं समजू नका. सूर्य हा ठिपका नाही, त्याला अर्ध्या अंशाची रुंदी आहे. जुलैच्या शेवटी हा दिवस पुन्हा येतो, पण तेव्हा आभाळ भरलेलं असतं. मुंबईतल्या भावंडांना यात ओढायचं असेल तर त्यांचा दिवस 15-16 मे आणि वेळ 12.35. नागपूरकरांचा 26 मेच्या आसपास, 12.10 च्या सुमारास. दोन गावांचे कागद शेजारी ठेवले की पृथ्वी गोल असल्याचं वेगळं सांगावं लागत नाही.

वाळवणात कुरडया मुलांच्या हातून होत नाहीत, त्यांना तीन दिवस गहू भिजवायचा धीर नसतो. साबुदाण्याचे पळीपापड घ्या. 1 वाटी साबुदाणा रात्री 2 वाट्या पाण्यात भिजवा. सकाळी 4 वाट्या पाणी उकळून त्यात जिरं, मीठ आणि भिजलेला साबुदाणा घालून मंद आचेवर ढवळत राहा. दाणा काचेसारखा झाला आणि मधला पांढरा ठिपका जेमतेम उरला की उतरवा. ठिपका मोठा राहिला तर पापड वाळताना तडकतो आणि तळल्यावर कचकच लागते. मीठ चवीपेक्षा कमीच घाला, पाणी उडून गेल्यावर खारटपणा वाढतो. गॅसपाशी मुलं नकोत, हे मिश्रण उडतं आणि कातडीला चिकटतं. कोमट झालं की मुलांच्या हातात पळी द्या. जाड प्लास्टिकवर एकेक पळी ओतायची आणि पळीच्या बुडाने गोल फिरवायची. दोन पापडांत दोन बोटं अंतर. थंड होऊन घट्ट झालं तर थोडं गरम पाणी घालून सैल करा, नाहीतर पापड जाड होतात आणि फुलत नाहीत. मुलं तासाभराने उचलून बघणारच, आणि ओला पापड फाटणारच. पूर्ण वाळला की तो कडेने आपोआप सुटतो. मग उलटून आणखी एक दिवस ऊन द्या. चार वाजता ढग आले तर आत आणायचं काम 6 वर्षांच्या मुलाचं.

उन्हातून आल्यावर मूल मलूल दिसलं तर 1 लिटर पाण्यात चहाचे 6 सपाट चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ विरघळवून घोटघोट पाजा. साखर-मीठ अंदाजाने घालायचं नाही. अंग तापलं असेल आणि मूल बरळत असेल तर सरळ डॉक्टरकडे.

शेवटच्या आठवड्यासाठी आंब्याच्या कोयी ठेवा. खाऊन झाल्यावर दोन दिवसांत वरचं कवच कडेने फोडून आतलं बी काढा, महिनाभर सुकवलेली कोय रुजत नाही. कुंडीत माती आणि शेणखत घालून बी फुगीर कड वर येईल असं दोन बोटं खोल लावा, आणि माती ओलसर ठेवा, चिखल नको. साधारण दोन ते चार आठवड्यांत कोंब येतो. कोवळी पानं तांबूस आणि लोंबणारी असतात. मुलांना ती वाळली असं वाटतं आणि ती रोप उपटून बघतात, तेव्हा हे आधीच सांगून ठेवा.