हिरडी पाहा, शेपटी पाहा. रंग सगळ्यात शेवटी

वाचकांचे प्रश्न

प्रश्न : मुलगा सिएटलला असतो. यंदा सप्टेंबर-ऑक्टोबरात आम्ही दोघं तिकडे जाणार आहोत. तो नदीवर सॅल्मन धरायला जातो आणि फोटो पाठवतो. एक मासा चांदीसारखा, दुसरा लालभडक, तिसऱ्याच्या पाठीला चक्क कुबड. तो म्हणतो, सगळे सॅल्मनच. मग ओळखायचे कसे?
– दांडिया बाजार, वडोदरा

उत्तर : तो म्हणतो ते खरंच आहे. उत्तर अमेरिकेच्या त्या पॅसिफिक किनाऱ्यावरच्या नद्यांत सॅल्मनच्या पाच जाती चढतात : चिनूक, कोहो, सॉकाय, पिंक आणि चम. समुद्रात पाचही चांदीसारखे असतात. नदीत शिरल्यावर अंगावर विणीचा रंग चढू लागतो. तो आठवड्यागणिक बदलतो आणि नर-मादीत वेगळा दिसतो. म्हणून रंगावर जाऊ नका. फसणारे बहुतेक जण तिथेच फसतात.

मासा जाळीत, पाण्यातच असू द्या. तोंड पकडीने उघडा, बोटं घालू नका. दात धारदार असतात. खालच्या जबड्यात दात हिरडीतून निघतात ती रेघ पाहा. रेघ काळी आणि तोंडही आतून काळं, तर चिनूक. तोंड काळपट, पण दातांच्या मुळाशी फिकट पांढरी पट्टी, तर कोहो. लहान चिनूकची हिरडी कधीकधी पुरती काळी नसते. म्हणून लगेच शेपटी पसरून पाहा. चिनूकच्या शेपटीवर वरच्या-खालच्या दोन्ही पाळ्यांवर ठिपके असतात, कोहोच्या फक्त वरच्या पाळीवर. हिरडी आणि शेपटी दोन्ही जुळल्याशिवाय नाव घेऊ नका.

पिंकची शेपटीही दोन्हीकडे ठिपकेदार, पण त्याचे ठिपके मोठे, लांबट, शाईचा अंगठा उठवल्यासारखे. खवले अगदी बारीक. हिरडी त्याचीही काळी असते, मात्र तोंड आतून पांढरं. कुबडवाला फोटो याच्याच नराचा असणार. पिंक दोन वर्षांत जन्म-मरणाचा फेरा पुरा करतो आणि सिएटलकडच्या नद्यांत विषम सालीच झुंडीने येतो : २०२३, २०२५, आता २०२७. सम साली गेलात तर तो दिसला नाही म्हणून हळहळू नका.

उरले सॉकाय आणि चम. दोघांच्याही पाठीवर-शेपटीवर ठळक ठिपके नसतात. चमच्या अंगावर विणीच्या दिवसांत जांभळट-हिरवे उभे पट्टे उठतात आणि नराचे सुळे पुढे येतात. नेमकं ठरवायचं तर कल्ल्याचं झाकण उचलून पहिल्या कमानीवरचे दाते पाहा. सॉकायचे लांब, बारीक, फणीसारखे दाट असतात. चमचे आखूड आणि विरळ. लालभडक अंग आणि हिरवं डोकं हे सॉकायचं प्रसिद्ध रूप, पण नदीत मुरलेला कोहो नरही लाल होतो.

पाचांच्या गर्दीत एक सहावाही येतो : स्टीलहेड. म्हणजे समुद्रात जाऊन आलेला रेनबो ट्राउट. त्याचं तोंड आतून पांढरं आणि हिरडीही पांढरी. पोटाखाली शेपटीच्या अलीकडे जो पर असतो त्याचे काटे मोजा : स्टीलहेडला ८ ते १२, सॅल्मनला १३ किंवा जास्त. हे मोजणं कटकटीचं आहे, पण त्यात घोटाळा होत नाही.

प्रश्न : मी सिंधरोटला मही नदीवर गळ टाकतो. कणकेच्या गोळीला रोहू छान लागतो. मुलीकडे व्हँकुव्हरला गेल्यावर सॅल्मनला तेच चालेल का?
– रावपुरा, वडोदरा

उत्तर : नाही. रोहू खायला येतो. नदीत चढणाऱ्या सॅल्मनने खाणं जवळजवळ सोडलेलं असतं. तो गळावर तोंड टाकतो ते चिडून किंवा सवयीने. म्हणून आमिषाच्या चवीपेक्षा ते त्याच्या नाकासमोरून, त्याच्याच खोलीवरून, प्रवाहाच्या वेगाने जाणं महत्त्वाचं.

कोहो आणि पिंकसाठी साडेआठ ते साडेनऊ फुटी रॉड, ३० पौंडी ब्रेडेड दोरी, तिच्या टोकाला फिरती कडी आणि पुढे १२ ते १५ पौंडी साध्या नायलॉनचा दोन-तीन फूट तुकडा. चिनूकसाठी तोच तुकडा २० ते २५ पौंडी घ्या. फ्लोट (पाण्यावर तरंगणारी खूण) लावत असाल तर आमिष तळापासून फूटभर वर राहील असं बांधा. फ्लोट बुडत-अडकत राहिला तर खोली जास्त झाली. काहीच होत नसेल तर बहुधा कमी पडते आहे. सहा-सहा इंचांनी वाढवा. शिसं लावून तळावरून घरंगळत नेत असाल तर दगडावर अधूनमधून टकटक जाणवली पाहिजे. सारखी खरखर म्हणजे शिसं जड, टकटकच नाही म्हणजे हलकं.

नवख्यांचं बिघडतं ते दोरीमुळे. मधली दोरी प्रवाहात पोट काढते आणि फ्लोटला पाण्यापेक्षा वेगाने ओढते. असं धावणारं आमिष मासा सोडून देतो. रॉडचं टोक उचलून दोरी प्रवाहाच्या वरच्या अंगाला पलटवत राहा. गळाची धार नखावर पाहा : टोक रुतायला हवं, घसरलं तर घासा नाहीतर बदला.

वेळ निवडायची तर पावसाने चढलेली नदी उतरू लागते आणि पाणी गढुळाचं हिरवट होतं तेव्हाची. सिंधरोटला पूर ओसरण्याची वाट तुम्ही पाहतच असाल.

व्हँकुव्हर ज्या प्रांतात आहे त्या ब्रिटिश कोलंबियात सॅल्मनसाठी गळाला उलटा काटा चालत नाही. पकडीने दाबून टाका. मग दोरी क्षणभरही सैल पडू देऊ नका, मासा सुटतो. गळ तोंडात न लागता पाठीला-पोटाला रुतला, तर तो मासा सोडावा लागतो. परवान्याशिवाय रॉड हातातही धरू नका, ‘जरा धर’ म्हणून मुलीने दिला तरी.

प्रश्न : जावई धरलेला सॅल्मन पुन्हा सोडून देतात. इतका मोठा मासा सोडायचा कशाला? आणि सोडलेला जगतो का?
– प्रतापगंज, वडोदरा

उत्तर : शेपटीच्या जरा अलीकडे, पाठीवर सॅल्मनला एक छोटा मांसल पर असतो. मत्स्यबीज केंद्रात वाढवलेल्या पुष्कळ पिल्लांचा तो कापून मग त्यांना सोडतात. तिथे बरी झालेली जखम दिसली तर मासा केंद्रातला. पर शाबूत असेल तर तो जंगली धरतात आणि पुष्कळ नद्यांवर तो ठेवायला मनाई असते. कुठे काय ठेवता येतं हे नदीगणिक ठरतं आणि हंगामाच्या मधेही बदलतं. म्हणून त्या दिवशी सकाळी सरकारी मत्स्य खात्याचा नियम पाहूनच निघावं.

जगण्याचं म्हणाल तर ते बरंचसं हाताळणाऱ्यावर आहे. सिएटल ज्यात आहे त्या वॉशिंग्टन राज्यात जो सॅल्मन ठेवता येत नाही तो नदीतून पूर्ण बाहेर काढणंही बेकायदा आहे, आणि ते योग्यच आहे. फोटोसाठी कल्ल्यात बोटं घालून उचललेला मासा पोहत गेला तरी पुढे मरू शकतो. जाळी रबरी, बिनगाठीची हवी. गाठींनी अंगावरचा बुळबुळीत थर खरवडतो आणि तिथे बुरशी धरते. हात ओले करा, शेपटीचं मूळ धरा, तोंड प्रवाहाकडे ठेवा आणि तो स्वतः झटका देऊन निघेपर्यंत थांबा. पाणी १८-२० अंशांच्या वर गेलं असेल तर सोडण्यासाठी म्हणून मासे धरूच नयेत. गरम पाण्यात प्राणवायू कमी असतो, दमलेला मासा सावरत नाही.

ठेवायचाच असेल तर चांदीचा ठेवा. विणीच्या वेळी मांसातलं लाल रंगद्रव्य कातडीत आणि अंड्यांत जातं. बाहेरून जितका लाल, आतून तितका फिका आणि पिचपिचीत.

प्रश्न : हॉटेलात ‘इंडियन सॅल्मन’ लिहितात तो हाच का? आणि इथे गोठवलेला केशरी सॅल्मन मिळतो, त्याला रंग लावतात म्हणे?
– अलकापुरी, वडोदरा

उत्तर : ‘इंडियन सॅल्मन’ म्हणजे आपला रावस. सॅल्मनशी त्याचं नातं नाही. अख्खा मासा समोर असेल तर छातीच्या पराखाली चार मोकळे धागे लोंबताना दिसतील आणि पाठीवर दोन वेगळे पर. सॅल्मनला धागे नसतात. पाठीवर एकच मोठा पर आणि मागे तो मांसल तुकडा. मांस रावसाचं पांढरं. चवीला रावस कुठेही कमी नाही, फक्त सॅल्मनच्या भावाने घेऊ नका.

केशरी तुकडे बहुतेक समुद्रातल्या पिंजऱ्यांत वाढवलेल्या अटलांटिक सॅल्मनचे. रंग वरून फासत नाहीत; खाद्यात अ‍ॅस्टाझँथिन नावाचं रंगद्रव्य घालतात. जंगली माशाला तेच कोळंबीसारख्या जीवांतून मिळतं. वाढवलेल्याच्या मांसात चरबीच्या पांढऱ्या रेघा जाड असतात. सॉकाय गडद लाल आणि रेघा बारीक. तव्यावर तेल रावसाच्या निम्मंच घाला. शिजताना पांढरा साका बाहेर येतो, ती चरबी नव्हे, प्रथिन आहे. फार आलं तर आच कमी करा.