दर स्लाइडवर लोगो चिकटवत बसू नका

प्रश्न: मी शाळेत शिक्षिका आहे, पालकसभा असो की गॅदरिंग, पीपीटी माझ्याच गळ्यात पडते. परवा ४० स्लाइडवर लोगो, शाळेचं नाव, तारीख सगळं कॉपी-पेस्ट करून झालं आणि मुख्याध्यापक म्हणाले लोगो डावीकडे घ्या! शिवाय मराठीत वरच्या ओळीचे उकार खालच्या ओळीच्या वेलांट्यांत अडकतात. काही सोपा उपाय आहे का?
– एक शिक्षिका, सातारा

उत्तर: ताई, ४० वेळा चिकटवलंत म्हणजे तुमच्या चिकाटीला सलाम, पण हे काम एका जागी होतं. पॉवरपॉइंटमध्ये व्ह्यू टॅबवर जा, तिथे स्लाइड मास्टर आहे. डावीकडे सगळ्यात वर जी मोठी स्लाइड दिसते ती मास्टर आणि खाली छोट्या छोट्या दिसतात ते लेआउट, टायटलचा वेगळा, दोन कॉलमचा वेगळा असे. लोगो मोठ्या स्लाइडवर एकदाच टाका की खाली सगळीकडे उतरतो, उद्या साहेबांना परत उजवीकडे हवा झाला तरी एकदाच सरकवायचा. पहिल्या पानावर नको असेल तर टायटलच्या लेआउटवर जाऊन 'हाइड बॅकग्राउंड ग्राफिक्स'वर टिक करा. मग क्लोज मास्टर व्ह्यू. आता नेहमीच्या स्लाइडवर लोगोवर क्लिक केलं तर तो हलणारच नाही, घाबरू नका, बिघडलं काही नाहीये, तो मास्टरवर आहे म्हणून. आधी हाताने चिकटवलेले ४० मात्र हातानेच काढावे लागतील, त्याला इलाज नाही.

वेलांट्यांचं असं आहे की ऑफिसच्या नेहमीच्या थीममध्ये ओळींतलं अंतर ०.९ ठेवलेलं असतं, इंग्रजीला ते चालून जातं, आपल्याकडे वर वेलांटी मात्रा रफार आणि खाली उकार, त्यामुळे गर्दी होते. मास्टरवरच मजकुराची चौकट सिलेक्ट करून ते १.१ करा आणि तिथेच मुक्ता किंवा निर्मला असा मराठीचा फॉन्ट लावा. मुक्ता लावलात तर दुसऱ्या कॉम्प्युटरवर तो असेलच असं नाही, म्हणून फाइल, ऑप्शन्स, सेव्हमध्ये जाऊन फॉन्ट एम्बेड करा, म्हणजे तो फाइलच्या आतच जाईल.

एक गोष्ट बहुतेक जण चुकतात. 'टेक्स्ट बॉक्स' काढून त्यात लिहिलेला मजकूर मास्टरवरच्या चौकटींचं काही ऐकत नाही, 'क्लिक टू अ‍ॅड टेक्स्ट' असं लिहिलेल्या चौकटीत लिहिलेलाच ऐकतो. नवीन लेआउट हवा असेल, समजा डावीकडे फोटो आणि उजवीकडे मजकूर, तर मास्टरमध्ये इन्सर्ट लेआउट करून इन्सर्ट प्लेसहोल्डरने चौकटी काढा आणि त्याला रीनेम करून 'सत्कार' वगैरे नाव द्या, पुढच्या वर्षी शोधायला बरं.

सगळं मनासारखं झालं की सेव्ह अ‍ॅज करताना प्रकार 'पॉवरपॉइंट टेम्प्लेट', म्हणजे पुन्हा वापरायचा साचा, निवडा. ते स्वतःच एका ठरावीक फोल्डरमध्ये जातं, तो फोल्डर बदलू नका म्हणजे नवीन फाइल करताना ते 'पर्सनल'खाली दिसेल.

प्रश्न: जुन्या पीपीटीला नवीन टेम्प्लेट लावलं, रीसेट दाबलं, तर सगळं मराठी गायब होऊन इंग्रजी अक्षरांची खिचडी झाली. व्हायरस आला का?
– एक वाचक, नाशिक

उत्तर: व्हायरस नाही हो, आधी कंट्रोल झेड दाबा, परत येईल. ते मराठी जुन्या, युनिकोड (प्रत्येक लिपीच्या अक्षराला स्वतःचा क्रमांक देणारी पद्धत) नसलेल्या फॉन्टमध्ये टाइप केलेलं असणार, म्हणजे आत खरोखर इंग्रजी अक्षरंच असतात आणि फक्त त्या फॉन्टमुळे मराठी दिसतात. रीसेटने फॉन्ट काढून टाकला आणि सोंग उघडं पडलं. आधी फॉन्ट बदलून देणाऱ्या कन्व्हर्टरमधून मजकूर युनिकोडमध्ये करून घ्या, मग खुशाल टेम्प्लेट लावा. जोडाक्षरं आणि रफार मात्र नजरेखालून घाला, 'वर्ष', 'कार्यक्रम' असले शब्द त्यात हमखास बिघडतात.